रक्ताच्या कर्करोगातील दुर्मीळ जंतुसंसर्ग : कल्चरच्या रिपोर्टमधील अनोळखी नाव का सोडून देऊ नये

सूक्ष्मदर्शी

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना ‘काउंट पडले आहेत, जपा’ हे वाक्य इतक्यांदा ऐकावे लागते की नेमके कशापासून जपायचे, हे विचारण्याचे भान उरत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, कर्करोगाच्या वॉर्डातून येणाऱ्या रक्ताच्या बाटल्यांमध्ये असे काही जंतू वाढतात, जे इतर वॉर्डांतून आले असते तर आम्ही बिनदिक्कत दुर्लक्षित केले असते. या धाग्यात त्यांच्याविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या आणि जंतुसंसर्ग यांचे गणित जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून मांडले. ही संख्या दर मायक्रोलिटरला १००० च्या खाली आली की धोका वाढू लागतो, ५०० च्या खाली तो गंभीर होतो, आणि १०० च्या खाली जाऊन बराच काळ तिथेच रेंगाळली तर संसर्ग टळणे अवघड असते. आजही तापाच्या रुग्णाला तातडीने दाखल करायचे की नाही, हे ठरवताना ५०० चाच आकडा पाहिला जातो.

मात्र काउंट, म्हणजे ही पेशींची संख्या, हा या विषयाचा एकच भाग आहे. तीव्र ल्युकेमियाच्या केमोमध्ये न्यूट्रोफिल जातात आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटते, त्यामुळे स्यूडोमोनास, क्लेबसिएला आणि तोंडातले एरवी निरुपद्रवी असणारे जंतू रक्तात उतरतात. मायलोमा आणि दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमियात चांगली प्रतिपिंडे कमी तयार होतात, म्हणून काउंट ठीक असतानाही न्यूमोकोकस पुन्हा पुन्हा गाठतो. स्टेरॉइड, फ्लुडाराबिन हे केमोचे औषध किंवा मज्जाप्रत्यारोपण यांमुळे टी-पेशींची फळी कोसळते, तेव्हा लिस्टेरिया, नोकार्डिया आणि क्षयाचे जंतू यांचे फावते. म्हणूनच रुग्णाला कोणता कर्करोग आहे आणि कोणते औषध चालू आहे, हे मागणीपत्रावर लिहून आले तर प्रयोगशाळा वेगळ्या नजरेने पाहते. प्रत्यक्षात त्या रकान्यात बहुतेक वेळा केवळ ‘ताप’ एवढेच लिहिलेले असते.

दोन उदाहरणे देतो. पहिले स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलियाचे. हा जंतू नळाच्या तोटीत, सिंकच्या जाळीत, वाफेच्या यंत्राच्या भांड्यात राहतो आणि धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. मेरोपेनेम हे आपल्याकडे राखून ठेवलेले मोठे औषध मानले जाते. पण ते फोडून टाकणारे विकर या जंतूकडे जन्मजात असते. परिणामी रुग्णाला मेरोपेनेम चालू असते, बाकीचे जंतू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हा वाढतो. न्यूट्रोफिल शून्याजवळ असलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णात त्याच्यामुळे फुफ्फुसात रक्तस्राव होणारा न्यूमोनिया होतो आणि तो एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. यावर पहिल्या पसंतीचे औषध कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे ज्याला बहुतेक रुग्ण ‘सेप्ट्रान’ म्हणून ओळखतात ते, अत्यंत स्वस्त आहे. परंतु जंतूचे नाव कळल्याशिवाय ते कुणाला सुचत नाही.

दुसरे बॅसिलस सेरियसचे. शिळा भात खाऊन होणाऱ्या उलट्या-जुलाबांसाठी हा प्रसिद्ध आहे. याचे बीजाणू धूळ, सुकी धान्ये, मसाले, रुग्णालयातील चादरी अशा कुठेही असतात, त्यामुळे रक्ताच्या बाटलीत तो निघाला की रिपोर्टवर ‘एरोबिक स्पोअर बेअरर्स’ असे लिहून त्यापुढे ‘कंटॅमिनंट’ असा शेरा मारण्याची पद्धत आहे. सुई टोचताना त्वचेवरून शिरलेला उपरा जंतू, एवढाच त्याचा अर्थ. सर्वसाधारण रुग्णात तो शेरा बहुधा खराही असतो. तीव्र ल्युकेमियाच्या पहिल्या केमोत मात्र हाच जंतू आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातो. पोटदुखी, मग बदललेले वागणे किंवा फिट, असा क्रम दिसतो. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील नेहमीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत, व्हँकोमायसिन लागते. काउंट नसलेल्या रुग्णाच्या दोन वेगवेगळ्या बाटल्यांत बॅसिलस वाढला असेल, तर तो शेरा मारण्यापूर्वी प्रयोगशाळेने वॉर्डात फोन केलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळकोकणी

आपला लेख वाचून लिहिण्याचे धाडस करत आहे. माझ्या वडिलांना लिम्फोमा होता. केमोच्या मधल्या काळात, ऐन पावसात, त्यांना ताप येऊ लागला. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरीही ‘आपल्याकडे हे क्षयरोगच असते’ असे सांगून एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करण्यात आली. ताप उतरला नाही, भूक मात्र पूर्ण गेली. नंतर सोनोग्राफीत प्लीहेत लहान लहान गळवे दिसली, तेव्हा लिम्फोमाच पुन्हा उसळला असावा, असा तर्क निघाला आणि पुढची केमो लवकर द्यावी का, यावर चर्चा सुरू झाली.

आम्ही त्यांना दुसऱ्या शहरात हलवले. तिथे रक्ताचे कल्चर पुन्हा झाले आणि मेलिऑइडोसिस हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले. आधी शिरेतून इंजेक्शने, मग कित्येक महिने गोळ्या, असा उपचार झाला. लिम्फोमाचे उपचार त्यानंतर पूर्ण केले आणि वडील आज हिंडते-फिरते आहेत.

मला एक गोष्ट विचारायची आहे. पहिल्या रुग्णालयातील कल्चरचा रिपोर्ट मी जपून ठेवला आहे. त्यावर जंतूचे नाव केवळ ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ असे आहे. खाली औषधांच्या यादीत जेंटामायसिनपुढे आर, कोलिस्टिनपुढे आर, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटपुढे एस अशी अक्षरे आहेत (आर म्हणजे औषध चालत नाही, एस म्हणजे चालते). त्या रिपोर्टवरूनच काही कळायला हवे होते का? वडील नांगराला हात लावत नव्हते. लावणी चालू असताना अनवाणी बांधावर उभे राहून माणसांवर देखरेख करायचे, तेवढेच.

सूक्ष्मदर्शी

तळकोकणी, होय, कळायला हवे होते. आपण लिहिलेल्या त्या तीन अक्षरांवरच आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. खऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसावर कोलिस्टिन सहसा चालते आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चालत नाही. आपल्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये ते नेमके उलटे होते. ऑक्सिडेज चाचणी होकारार्थी असलेला ग्रामऋण दंडाकार जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्हींना दाद देत नसेल आणि त्या साध्या औषधाला मात्र बधत असेल, तर बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, म्हणजे मेलिऑइडोसिसचा जंतू, हे नाव मनात आलेच पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची दोन्ही टोके रंगतात आणि मधला भाग फिका राहतो, त्यामुळे तो सेफ्टी पिनसारखा दिसतो. जंतू वाढवण्याच्या थाळीवरच्या वसाहती सुरुवातीला गुळगुळीत असतात आणि दोन-चार दिवसांनी सुरकुततात; ४८ तासांत थाळी फेकून देणाऱ्या प्रयोगशाळेला त्या सुरकुत्या कधीच दिसत नाहीत. स्वयंचलित यंत्रेही कधी त्याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात, कधी आणखी काही.

या रोगाचे पहिले वर्णन रंगूनमध्ये झाले. आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे भारतीय सहकारी कृष्णस्वामी यांनी शवविच्छेदनांत आढळलेल्या या नव्या रोगाविषयी १९१२ मध्ये लिहिले; त्यांचे बरेचसे रुग्ण मॉर्फियाचे व्यसन असलेले, अंगाने खंगलेले लोक होते. म्हणजे दुर्बल शरीर शोधणारा जंतू ही त्याची ओळख पहिल्या दिवसापासूनची आहे. भारतातील सुरुवातीच्या नोंदींपैकी १९९१ ची नोंद मुंबईतील एका मुलाची आहे. नंतर किनारी कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, गोवा आणि कोकणातून रुग्ण सापडत गेले, आणि जिथे कुणी चिकाटीने शोधले तिथे ते अधिक सापडले. मणिपाल आणि वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी या बाबतीत मोठे काम केले आहे.

जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात असतो. पायाची भेग, पिण्याचे पाणी, वादळी पावसात हवेत उडणारे तुषार, यांपैकी कोणत्याही वाटेने तो शरीरात येतो. नांगर धरण्याची गरज नाही. बांधावर अनवाणी उभे राहणे पुरेसे आहे. माती हे एकच ठिकाण नाही, याचे अलीकडचे उदाहरण २०२१ चे आहे. अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांतील चार जणांना हा रोग झाला, त्यांतील दोघे दगावले, आणि शोध घेता घेता मूळ सापडले ते भारतात तयार झालेल्या खोलीत मारायच्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत.

रक्ताच्या कर्करोगाशी याचा संबंध स्टेरॉइडमधून अधिक घट्ट होतो. मेलिऑइडोसिसच्या रुग्णांमध्ये मधुमेही सर्वाधिक असतात. लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोत दर खेपेला पाच दिवस प्रेडनिसोलोनचा मोठा डोस असतो, मायलोमात आठवड्याला डेक्सामेथासोन असते, आणि ज्याला कधी साखर नव्हती त्याचीही साखर या काळात तीनशेच्या घरात जाते. पेशींची फळी पडलेली आणि वर साखर वाढलेली, अशा अवस्थेत पावसाळ्यातले शेत हे गंभीर प्रकरण ठरते. उपचार आपण लिहिला तसाच असतो : सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, मेंदू किंवा हाडांत पसरला असल्यास त्याहून अधिक, आणि त्यानंतर किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल. गोळ्यांचा दुसरा टप्पा बरे वाटते म्हणून मध्येच सोडणाऱ्यांचा रोग उलटतो.

पांढरी टोपी

मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. सूक्ष्मदर्शी यांनी प्रयोगशाळेची बाजू मांडली. बाटली तिथे पोहोचण्यापूर्वी काय होते, ते मी सांगते, कारण जंतू सापडणे किंवा न सापडणे पुष्कळदा तिथेच ठरते.

मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवे. रुग्ण आधीच रक्त चढवून घेत असतो, नातेवाईक म्हणतात ‘अजून किती काढणार’, आणि घाईत तीन-चार मिलिलिटरवर काम उरकले जाते. रक्तात जंतूंची संख्या मुळात फार थोडी असते. निम्मे रक्त घेतले तर सापडण्याची शक्यताही घटते. पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे औषधांसाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी, असेल तर एक जोडी लाइनमधून आणि एक हाताच्या शिरेतून, अशी एकाच वेळी घ्यावी लागते. लाइनमधली बाटली हातातल्या बाटलीच्या दोन तास किंवा त्याहून आधी वाढली, तर जंतू लाइनमध्ये घर करून बसला आहे, असे मानतात. ही सर्व कल्चर प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी घ्यायची, पण त्यासाठी डोस लांबवायचा नाही. रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात औषध शिरेत गेले पाहिजे.

घरच्या मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की आमच्याकडे फोन करा, आणि आधी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतो का बघू’ असे करू नका. काउंट नसलेल्या रुग्णात पू होत नाही, कारण पू बनतो तोच या पेशींपासून. लाली येत नाही, खोकला असून फोटो स्वच्छ येतो. ताप हे एकमेव लक्षण हाती असते, आणि गोळी देऊन आपण तेही पुसून टाकतो. संध्याकाळी गोळी देऊन झोपवलेला रुग्ण पहाटे रक्तदाब हरवलेल्या अवस्थेत आणला गेल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

शंकेखोर

चर्चा उत्तम आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. आपल्या देशात क्षयरोग इतका सामान्य आहे की डॉक्टरांनी आधी त्याचाच विचार करणे चूक कसे म्हणावे? दुर्मीळ जंतूंची अशी नावे वाचून प्रत्येक नातेवाईक रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी वाद घालू लागला, तर उपचार करणे कठीण होईल. शिवाय असे जंतू नेमके ओळखायला जनुकीय तपासण्या लागल्या, तर त्या लहान गावांत कोण करणार आणि त्यांचा खर्च कोण सोसणार?

मज्जारज्जूवाला

शंकेखोर यांचा प्रश्न रास्त आहे. मी रक्तविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. लिम्फोमाच्या रुग्णांत क्षयरोग खरोखरच वारंवार आढळतो, आणि त्याचा विचार आधी करण्यात काहीच गैर नाही. अडचण येते ती विचार तिथेच थांबला तर. बेडक्याची जनुकीय चाचणी नकारार्थी, ऊतीचा तुकडा घेतलेला नाही, तरीही सहा महिन्यांचे औषध सुरू, हा प्रकार केमो चालू असलेल्या रुग्णात स्वस्त पडत नाही. एकेटीतील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे चाळवते, त्यामुळे स्टेरॉइड, व्हिंक्रिस्टीन आणि बुरशीविरोधी व्होरिकोनाझोल यांची रक्तातील पातळी घसरते. निदान चुकले असेल, तर जंतूवर परिणाम शून्य आणि कर्करोगावरचे औषधही अर्धवट, असा दुहेरी तोटा होतो.

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण नोकार्डिया आहे. हा मातीतला जंतू, बारीक फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा दिसतो. १८८८ मध्ये फ्रेंच पशुवैद्य एडमाँ नोकार यांनी तो गुरांच्या रोगात ओळखला. स्टेरॉइडवर असलेल्या ल्युकेमिया-लिम्फोमाच्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात तो गाठी आणि पोकळ्या करतो. सीटी पाहून एक जण क्षय म्हणतो, दुसरा बुरशी म्हणतो, तिसरा म्हणतो कर्करोग उलटला. आणि मौज अशी की क्षयाचे जंतू दिसावेत म्हणून काचपट्टीवर देतात तो रंगही तो अर्धवट धरून ठेवतो. क्षयाच्या जंतूसाठी रंग धुताना २० टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतात, त्यात नोकार्डियाचा रंग बहुधा उतरून जातो आणि काचपट्टी नकारार्थी ठरते. तशीच दुसरी पट्टी १ टक्का आम्लाने धुतली तर लाल धागे स्पष्ट दिसतात. म्हणजे लहान गावातील प्रयोगशाळेलाही हे निदान सुचू शकते, त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आम्ल पातळ करायचे आणि तसे करा हे कुणीतरी सांगायचे, एवढेच लागते.

हा जंतू सावकाश वाढतो. शंका आधी कळवली तर प्रयोगशाळा थाळ्या दोन-तीन आठवडे राखते, नाहीतर त्या दोन दिवसांत टाकल्या जातात. नोकार्डिया ठरला की डोके दुखत नसले तरी मेंदूचा एमआरआय करावा लागतो, कारण तिथली गळवे बराच काळ मुकी राहतात. मुख्य औषध पुन्हा कोट्रायमॉक्साझोल, आणि या रुग्णांत सहसा सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. काही जण म्हणतील की आमच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा सेप्ट्रान चालूच आहे, मग नोकार्डिया कसा होईल. ती मात्रा न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीला रोखण्यासाठी असते. तिच्या आडोशाने नोकार्डिया झालेले रुग्ण आढळतात. पूर्ण मात्रेत हेच औषध काउंट पाडते, पोटॅशियम वाढवते आणि अंगावर पुरळ आणते, तेव्हा रक्ततपासण्यांशिवाय ते रेटता येत नाही.

वाद घालण्याविषयी सांगायचे, तर रुग्णाचा मुलगा रिपोर्ट पुढे करून ‘हा जंतू नक्की कोणता, हे ठरले आहे का’ असे विचारतो, तेव्हा मला राग येत नाही. तो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, असेच बहुधा लक्षात येते.

सानिका_ठाणे

माझ्या बहिणीला तीव्र ल्युकेमिया आहे आणि दुसरी केमो लवकरच सुरू होईल. वरील चर्चा वाचून आई घाबरली आहे. तिने गॅलरीतल्या सर्व कुंड्या, तुळससुद्धा, खाली दिल्या. घरचे दही बंद केले, पण कुणीतरी सांगितले म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल आणल्या आहेत. यातले काय बरोबर आहे?

सूक्ष्मदर्शी

सानिका, आईंना सांगा की तुळस परत आणायला हरकत नाही. बहिणीने कुंडीतली माती उकरू नये आणि पाणी दुसऱ्या कुणी घालावे, एवढे पुरे. खोलीत फुलदाणीतले साचलेले पाणी मात्र नको. प्रोबायोटिक कॅप्सूल बाजूला ठेवा. त्यात जिवंत जंतू कोट्यवधींच्या संख्येने असतात आणि सोलवटलेल्या आतड्यातून तेच लॅक्टोबॅसिलस रक्तात गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. गंमत म्हणजे त्यांपैकी पुष्कळसे व्हँकोमायसिनला दाद देत नाहीत. दह्याबाबत केंद्रांची मते वेगवेगळी आहेत, म्हणून आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. कच्चे काहीच न खाण्याचे कडक पथ्य पाळल्याने संसर्ग कमी होतात, असे चाचण्यांमध्ये सिद्ध झालेले नाही, तेव्हा बहिणीने ताजे, शिजवलेले, गरम असे पोटभर खाणे अधिक महत्त्वाचे. तासन्‌तास बाहेर राहिलेला भात देऊ नका. कारण वर बॅसिलसच्या परिच्छेदात आले आहे.

आईंची काळजी पाण्याकडे वळवता आली तर बरे. वाफेच्या किंवा नेब्युलायझरच्या भांड्यात नळाचे पाणी घालू नये, वापरानंतर ते कोरडे करून ठेवावे, आणि अंघोळीच्या वेळी पिक लाइनचे ड्रेसिंग भिजू देऊ नये. भिजलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता बदलून घ्यावे. पांढरी टोपी यांनी सांगितलेला १००.४ चा आकडा फ्रिजवर चिकटवा आणि शेजारी रात्री कुणाला फोन करायचा तो क्रमांक लिहा.

कल्चरचा प्रत्येक रिपोर्ट, ‘वाढ नाही’ असे लिहिलेलासुद्धा, तारखेनुसार एका फायलीत ठेवा. त्यांत कधी अर्धवट नाव आले, म्हणजे ‘स्पीशीज’ किंवा ‘नॉन-फर्मेंटर’ एवढेच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की जंतू पूर्ण ओळखीसाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येईल का, ते विचारावे. बहुतेक ठिकाणी वाढवलेला जंतू काही दिवसच सांभाळतात. त्यानंतर थाळी जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्रात जाते आणि पाठवण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.